ख्रिस्ती मित्राच्या स्मरणोपासनेत बोलायचंय, मी ख्रिस्ती नाही, काय बोलू?

नेवाशाचा पखवाज

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितोय, पण कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं म्हणून इथं विचारतो.

माझा जिवलग मित्र गेल्या वर्षी गेला. पहिलीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. तो ख्रिस्ती, पणजोबांपासूनचा, आणि आमच्या घरी वारकरी माळ, वडील अजून दिंडीत चालतात. आता दोन आठवड्यांनी रविवारच्या उपासनेनंतर चर्चमध्ये त्याची पहिल्या वर्षाची स्मरणोपासना ठेवलीय आणि वहिनींचा फोन आला की भाऊजी तुम्हीच बोलायचं, दहा मिनिटं, दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही. हो म्हणालो आणि तेव्हापासून झोप नाही.

त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आमचा सगळा ऊस-कांद्याचा पट्टा, उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटरी जळतात आणि मोटर जळाली की उभं पीक जळतं, त्यामुळे माणसं रात्री अकरा वाजता सुद्धा मोटर टेम्पोत टाकून त्याच्या दारात यायची. तो उठायचा. कधी म्हणजे कधीच सकाळी या म्हणाला नाही. जळालेली वाइंडिंग काढायची, टर्न मोजायचे, तारेचा गेज बघायचा, डायरीत लिहायचं आणि मग स्लॉटमध्ये कागद घालून नवीन तांब्याची तार भरत बसायचं. वार्निश मारून झालं की आत बल्ब लावून ठेवायचा सुकायला. त्या वार्निशचा वास त्याच्या सगळ्या शर्टांना होता, चर्चच्या पांढऱ्या शर्टाला सुद्धा.

मग किडन्या गेल्या. दीड वर्ष डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, मी माझ्या गाडीवर नेऊन आणायचो. डाव्या हाताला फिस्टुला केला होता, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडतात तो, आणि त्या हाताने वजन उचलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे मोटर उचलणं बंद, म्हणजे त्याच्या दृष्टीने अर्धं आयुष्य बंद. ज्यांनी बघितलं असेल त्यांना माहितीय, फिस्टुलावर बोट ठेवलं की आत घर्रर्र अशी थरथर लागते. तो माझं बोट धरून तिथं ठेवायचा आणि म्हणायचा, बघ, मोटर चालू आहे अजून. शेवटच्या दिवशी पण मी आधी तिथंच बोट ठेवलं होतं.

आता माझे प्रश्न.

एक म्हणजे तुमच्याकडे अशा वेळी काय बोलतात, काय बोलत नाहीत. भावपूर्ण श्रद्धांजली, आत्म्यास शांती लाभो वगैरे चालतं का. हार घालायचा का फोटोला.

दुसरं म्हणजे, मनात अडकलंय ते हे. जायच्या साधारण पंधरा दिवस आधी डायलिसिसहून येताना घोडेगावच्या पुढं चहाला थांबलो होतो तर तो म्हणाला, बरं का, वरती भेटू आपण. अगदी सहज, एसटी स्टँडवर सोडताना म्हणतात ना तसं. आणि मला काय बोलावं सुचलंच नाही, मी हो हो म्हणालो आणि कांद्याच्या भावावर गेलो. तो पण मग कांद्याचंच बोलला. त्याला उत्तर हवं होतं असं आता वाटतं. आता तिथं उभं राहून "आपण पुन्हा भेटू" असं मी म्हणू का? माझा तसा विश्वास आहे का मलाच ठाऊक नाही, आणि त्याच्या देवळात उभं राहून खोटं बोलायचं नाही मला.

वर्ष झालं तरी त्याच्या दुकानावरून जात नाही मी. शटर बंद दिसतं. मागच्या गल्लीने दीड किलोमीटरचा फेरा मारून घरी जातो.

---

जुना नगरकर

भाऊ, आधी तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी नगरचाच, मिशन कंपाउंडात वाढलेला, चर्चच्या कमिटीत बरीच वर्षं काढली त्यामुळे अशा उपासना खूप बघितल्यात, खूप जणांना बोलताना ऐकलंय.

साध्या गोष्टी आधी सांगतो. साधारण क्रम असा असतो, गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, मग आठवणी, मग पाळकसाहेबांचा संदेश, शेवटी आशीर्वाद आणि बाहेर चहा-नाष्टा. तुमचं बोलणं आठवणींमध्ये येईल. कपडे पांढरे किंवा साधे फिकट. फुलं न्या, गुच्छ न्या, बिनधास्त न्या. फोटोला हार काही घरांत घालतात काहींत नाही, त्यामुळे वहिनींना विचारा. नारळ, हळदकुंकू, उदबत्ती नको. आणि हे वर्षश्राद्ध नाही हे लक्षात ठेवलं की पुष्कळ कोडी सुटतात. गेलेल्याला काही पोचवायचं असतं म्हणून आम्ही जमत नाही, तो पोचलाय असं मानूनच जमतो. उपासना असते ती देवाचे आभार मानायला की असा माणूस आम्हाला दिलास, आणि मागं राहिलेल्यांना धीर द्यायला.

म्हणून आत्म्यास शांती लाभो हे आमच्या मंडळीत सहसा म्हणत नाहीत. कुणी म्हणालं तर कुणी रागावत नाही, तुम्ही प्रेमाने म्हणताय हे सगळ्यांना कळतं. पण आमचं म्हणणं असतं की त्याला विसावा मिळालाय, आता मागायचा नाही. पत्रिकेत बघा, "प्रभूमध्ये विसावले" असं लिहिलेलं असेल. नगरच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्थानात गेलात तर दगडांवर मराठीत "प्रभूमध्ये झोपी गेला" असं कोरलेलं दिसतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली नगरात सुरू झालं, तेव्हापासून किती पिढ्या त्या मातीत आहेत. लहानपणी मला वाटायचं की मेला म्हणायला लोक लाजतात म्हणून झोपला म्हणतात. वडील गेले तेव्हा समजलं की तो शब्द लाजेतून आलेला नाही. झोपलेल्याला उठवणारा कुणीतरी आहे, एवढं त्या एका शब्दात आहे.

दुसरं, रडू आलं तर रडा. आमच्यातल्याच काही लोकांचा गैरसमज असतो की विश्वासू माणसाने रडायचं नाही, आणि मग बिचाऱ्या बायका तोंडात पदर कोंबून बसतात, मला ते बघवत नाही. बायबलातलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय, तिथं प्रेषित पौल सांगतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. नीट वाचा, खेदच करू नका असं नाही म्हणत तो. आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजर मेलाय, चार दिवस झालेत कबरेत, येशूला पक्कं माहितीय की आपण आत्ता पाच मिनिटांत ह्याला उठवणार आहोत, आणि तरी मरीयेला आणि बाकीच्यांना रडताना बघून तोही रडतो. मराठीत ते वचन फक्त दोन शब्दांचं आहे. येशू रडला. मित्रासाठी रडला. लाजरासाठी तिथं मित्र हाच शब्द आहे, आपला मित्र लाजर झोपी गेलाय असं येशू शिष्यांना सांगतो. म्हणजे पुढं भेट आहे हे माहीत असून सुद्धा आत्ताचं दुःख खरं असतं, त्यात काही कमी विश्वास वगैरे नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. माझं सरळ मत, जे तुम्हाला खात्रीने वाटत नाही ते तुमच्या तोंडून बोलू नका, त्याच्या तोंडून बोला. "तो मला म्हणाला होता, वरती भेटू." एवढं सांगा. घोडेगावचा चहा पण सांगा आणि कांद्याचा भाव पण सांगा, जसं घडलं तसं. मंडळीला त्यातून जे घ्यायचं ते ती घेईल.

आणि तुम्ही वारकरी घरातले आहात, नावावरून पखवाज वाजवता असं दिसतंय, तर एक सुचवतो. आमच्या उपासना संगीतात, म्हणजे गीतांच्या पुस्तकात, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी पदं आहेत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरात राहिले, १९१९ साली गेले, आणि ते म्हणत असत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग तुमच्या हाताला परके लागणार नाहीत, ठेका ओळखीचाच आहे. पाळकसाहेबांना विचारून एक अभंग पखवाजावर होऊ द्या. दहा मिनिटं बोलण्यापेक्षा चार मिनिटं बोला आणि बाकीचं वाजवा.

---

पापडीची पोर

मी वसईची, कॅथलिक. वरच्या काकांचं सगळं पटलं फक्त एका गोष्टीवर आमच्याकडचं वेगळं आहे ते लिहिते, वाद म्हणून नाही, उद्या तुम्हाला कॅथलिक घरात जायची वेळ आली तर गोंधळ नको म्हणून.

आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. अगदी नाव घेऊन करतो. माणूस गेला की मिस्सा म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना, मग महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा, आणि २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो तेव्हा अख्खं गाव सिमेट्रीत. आदल्या दिवशी कबर झाडून पुसून घ्यायची, शेवंती आणायची, संध्याकाळी मेणबत्त्या, फादर पवित्र पाणी शिंपडत एकेका ओळीतून जातात आणि वारा असला की सगळ्यांची धडपड, ह्याची विझली की शेजारच्या कबरीवरून पेटवायची. शेजारची कबर कुणाची आहे ते माहीत नसलं तरी चालतं. मला तो दिवस वर्षातला सगळ्यात जवळचा वाटतो, नाताळपेक्षा पण.

काकांनी झोपी गेला लिहिलं त्यावरून सांगते, सिमेट्री हा शब्दच मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. आम्हाला हे आमच्या फादरांनी शिकवलं होतं.

माझी मैत्रीण, आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायला होतो, तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. ती गेल्यावर माझं तुमच्यासारखंच झालं होतं दादा, स्टाफरूममध्ये तिच्या खुर्चीकडे बघवायचं नाही, मी बदली मागितली होती खरंच. तेव्हा मला एका सिस्टरांनी संत ऑगस्टीनचं वाचायला दिलं. तरुणपणी त्यांचा एक लहानपणापासूनचा दोस्त तापाने गेला होता, तेव्हा ते ख्रिस्ती झालेले नव्हते. ते लिहितात की माझे डोळे त्याला सगळीकडे शोधायचे आणि तो कुठंच नव्हता, म्हणून मला त्या सगळ्या जागांचाच तिटकारा आला, आपलं गाव आपलं घर नकोसं झालं, आणि शेवटी गाव सोडून ते कार्थेजला निघून गेले. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस आणि तुमचं ते दुकान टाळून मागच्या गल्लीने जाणं, एकच आहे. मी ते वाचून पहिल्यांदा मोकळी रडले.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांची आई, संत मोनिका, ३८७ साली परमुलखात ओस्तिया बंदरात वारली, तेव्हा तिने मुलांना सांगितलं की हा देह कुठंही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त तुम्ही जिथं असाल तिथं प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. बघा ना, मित्र गेला तेव्हा ऑगस्टीनकडे आठवण न्यायला जागा नव्हती. आई गेली तेव्हा ती जागा होती. रडले तेव्हाही, पण गाव सोडून पळाले नाहीत. मला आता आशा म्हणजे एवढंच कळतं, की आठवण घेऊन जायला एक ठिकाण आहे.

आणि हो, मिस्सा असेल तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत जायचं नाही, जागेवर बसून राहायचं, बाकी सगळ्यात सामील व्हा. आमच्याकडे मित्र-नातेवाईक बोलतात ते कम्युनियननंतर, तेही थोडक्यात, कारण फादरांचं प्रवचन मेलेल्याच्या कौतुकासाठी नसतं, ते देवाच्या वचनावर असतं.

---

जुना नगरकर

ताई, छान लिहिलंत. माझी आजी तुमच्यासारखीच आजोबांचं नाव रोजच्या प्रार्थनेत घ्यायची आणि पाळकांनी समजावलं तरी घ्यायचीच, तिला कुणी थांबवू शकलं नाही आणि बरं झालं थांबवलं नाही.

---

नेवाशाचा पखवाज

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. ऑगस्टीनचं वहिनींना वाचून दाखवलं फोनवर, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या ते पण पाठवा मला.

काल वहिनींनी त्याची डायरी माझ्याकडे पाठवली, मुलाच्या हाती, की बोलायला काही उपयोगी पडेल. जाड रजिस्टर आहे, कडा वार्निशने पिवळ्या झालेल्या. प्रत्येक मोटरला एक पान, वर तारीख, मालकाचं नाव, गाव, मग हॉर्सपॉवर, स्लॉट २४, टर्न, गेज, आणि खाली हिशेब, जमा किती बाकी किती. पानाच्या डाव्या कोपऱ्यात वरती प्रत्येक ठिकाणी छोटासा क्रूस, पेनाने दोन रेघा. आम्ही श्री लिहितो तसं.

आता एक गोष्ट विचारायचीय. खूप पानांवर बाकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारलीय. आधी वाटलं पैसे आले असतील. पण आले असतील तिथं त्याने "जमा" लिहून तारीख टाकलीय, आणि ह्या रेघेच्या पानांवर जमा काहीच नाही. नुसती रेघ. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या ते पैसे कधी आलेच नाहीत, ज्या वर्षी पाऊस नव्हता त्या वर्षीची ती पानं आहेत बहुतेक. आणि घरात तेव्हा काय परिस्थिती होती ते मला माहितीय, मुलीची फी भरायला माझ्याकडून पैसे घेतले होते त्याने. ते मात्र त्याने परत केले, एकेक हजार करून.

हे सांगू का तिथं? ज्यांची नावं त्या पानांवर आहेत त्यातले चार-सहा जण उपासनेला समोर बसलेले असणार. त्यांना लाजवल्यासारखं होईल असं वाटतं. आणि त्याने आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही ते मी का सांगावं.

---

पाळकाची लेक

दादा, मी तुमची शेवटची पोस्ट वाचली आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले.

माझे वडील पाळक होते, नगर जिल्ह्यातल्याच खेड्यांवर फिरले. आमच्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ आहे, आम्ही ती बोलायला लागल्यापासून पाठ केलेली. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." कितीतरी भाषांतरांत तिथं पाप, अपराध असे शब्द येतात, कॅथलिक बंधूंच्या मराठी प्रार्थनेत पण शब्द थोडे वेगळे आहेत, पण आमच्या ह्या जुन्या मराठीत सरळ ऋण आहे. कर्ज. उधारी. तुमचा मित्र दर रविवारी, आणि घरात प्रार्थना होत असेल तर रोज रात्री, हे वाक्य म्हणत होता. आणि दुकानात बसून डायरीवर रेघ मारत होता. "सोडले आहे" असं आहे हं ते, सोडू नाही, सोडीन नाही. आधी सोडायचं आणि मग मागायचं. तुम्ही त्या रेघेचा अर्थ विचारताय ना, मला वाटतं त्या रेघेचा अर्थ ही ओळ आहे.

सांगायचं की नाही. माझ्या मते सांगा पण नाव, गाव, साल काहीही न घेता. रजिस्टर हातात धरा, उघडू नका. एवढंच म्हणा की ह्यात काही पानांवर बाकीवर रेघ आहे आणि जमा नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांना लाज वाटणार नाही बघा, त्यांना वर्षभर कुठंतरी खुपत असेल की त्याचे पैसे राहिले आणि तो गेला. ते ओझं त्याने स्वतःच उतरवून ठेवलंय हे त्यांना समजलं पाहिजे. वहिनींची परवानगी मात्र आधी घ्या, कारण ती रेघ त्यांच्याही संसारातून गेलीय.

"त्याने कुणाला सांगितलं नाही ते मी का सांगावं" ह्यावर. बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा म्हणजे दुर्कस म्हणून एक बाई आहे. शिवणकाम करायची, गरिबांना द्यायची. ती आजारी पडून मेली, तिला आंघोळ घालून माडीवर ठेवलं आणि येशूचा शिष्य पेत्र ह्याला बोलावणं पाठवलं. पेत्र आला तेव्हा सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवायला लागल्या. कुणी भाषण केलं नाही. ती फार दयाळू होती असं म्हटलं नाही. हा बघा शिवण, हा बघा अंगरखा. बाबा प्रेतक्रियेला गेले की मला नेहमी सांगायचे, माणूस गेल्यावर त्याचे अंगरखे दाखवावेत, विशेषणं लावू नयेत. तुमच्याकडे अंगरखा आहे दादा. पिवळ्या कडांचा.

एक सांगते, दुर्कस पुढं उठली आणि आपली माणसं त्या दिवशी उठत नाहीत. ते दुखतं. मी माझ्या भावाच्या वेळेला तो अध्याय वाचून देवाशी भांडलेय, रात्रभर भांडलेय की तिला उठवलंस मग ह्याला का नाही. उत्तर मिळालं असं नाही म्हणणार. पण पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, देहाची दाण्याशी तुलना करतो, पेरलेला दाणा मेल्याशिवाय उगवत नाही, आणि जे पेरतो ते उगवणाऱ्या रोपासारखं दिसत नाही, नुसता दाणा असतो. तुमच्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. माझ्या भावाला मातीत ठेवलं तेव्हा आईने मूठभर माती टाकताना "पेरला" असा शब्द वापरला, गेला नाही म्हणाली. मी अजून त्या एका शब्दावर आहे.

आणि कांद्याच्या भावाचं मनाला लावून घेऊ नका. त्याने विषय बदलू दिला तुम्हाला. त्याला उत्तर हवंच असतं तर पुन्हा विचारलं असतं, पंधरा दिवस होते. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा ज्याच्या गाडीवर मागं बसून तो जात होता त्या माणसाला त्याने निरोप सांगितला, प्रश्न विचारला नव्हता.

---

मस्कतचा पुणेकर

मी फक्त वाचत होतो, पण लिहावंसं वाटलं. माझा दोस्त पुण्यात गेला तेव्हा मी इथं ड्युटीवर, रजा मिळाली नाही, दफन मी मोबाईलवर बघितलं आणि मध्येच नेट गेलं. माती टाकायचं राहिलं ते राहिलंच.

ईस्टरच्या पहाटे आमच्या घरचे सगळे कबरस्थानात जातात, अंधारातच, मेणबत्त्या आणि फुलं घेऊन, कारण मग्दालीया मरीया पण अंधार असतानाच कबरेकडे गेली होती. २०२५ च्या ईस्टरला, २० एप्रिलला, बायकोने तिथून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या दोस्ताच्या कबरीसमोर धरला. इथं अजून मिट्ट काळोख होता. लोक गात होते आणि गाता गाता उजाडायला लागलं, दगडावरचं नाव आधी दिसत नव्हतं मग हळूहळू दिसायला लागलं. मी इथं खोलीत उभा राहून गायलो, रूममेट झोपलेले होते म्हणून हळू आवाजात. बस एवढंच सांगायचं होतं. तुम्हाला चालत जाऊन वाजवता येतंय तिथं, जा आणि वाजवा भाऊ.

---

नेवाशाचा पखवाज

तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंत ते मी दोनदा मोठ्याने वाचलं, एकदा बायकोसमोर आणि एकदा वडिलांसमोर. वडील पेरला ह्या शब्दाशी थांबले. म्हणाले, बरोबर बोलली ती माउली.

वहिनींना रेघेबद्दल विचारलं. परवानगी दिली, नाव घ्यायचं नाही ह्या अटीवर. आणि वरून म्हणाल्या की त्या प्रार्थनेची ती ओळ आम्ही दोघं रोज म्हणायचो भाऊजी, पण डायरीशी मी कधी जोडून बघितली नव्हती.

पाळकसाहेबांशी बोललो. टिळकांचा एक अभंग ठरलाय, मंडळी म्हणणार, मी पखवाज धरणार आणि त्याचा मुलगा पेटीवर बसणार. पेटी मित्राचीच, तो भजनाला वाजवायचा ती. मुलगा म्हणाला काका तिचा एक सूर दाबला की वर येत नाही, अडकून वाजतच राहतो, पप्पा नुसतं बोटाने खालून टिचकी मारायचे. मला ती टिचकी कुठं मारायची ते माहितीय, शेजारी बसून हजार वेळा बघितलंय.

रविवारी घोडेगावचा चहा सांगणार, डायरी हातात धरणार, "तो म्हणाला होता" असंच म्हणणार. बाकी मला काय वाटतं ते तिथं उभं राहिल्यावर बघू.

पेटी दुकानात आहे, माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेली. किल्ली वहिनींनी डायरीसोबतच पाठवली होती, आता दिसली. मुलाला सहा वाजता बोलावलंय, मी शटरपाशी येतो म्हणालोय.